मुक्या जिवाची सोबत : विस्मरणाने ग्रासलेल्या माता-पित्यांसाठी पाळीव प्राणी निवडताना

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात वृद्धसेवा विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)





वर्षभरात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती निधी जमला व तो कोठे खर्च झाला, हा तपशील प्रस्तुत अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज त्या आकड्यांची पुनरुक्ती न करता एका लहानशा प्रश्नाविषयी बोलण्याची परवानगी आम्ही विश्वस्तांकडे मागितली आणि त्यांनी ती आनंदाने दिली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

हा प्रश्न आम्हांला वर्षातून दोनदा हमखास विचारला जातो, एकदा मे महिन्यात आणि एकदा गणपतीत. चाकरमानी मुले गावी येतात, चार दिवस आईवडिलांसोबत राहतात आणि फोनवर जे लक्षात आले नव्हते ते प्रत्यक्ष पाहून हादरतात. आई एकच गोष्ट दहा वेळा विचारते. वडील घराचे दार ओळखतात, पण नातवाचे नाव विसरतात. परतीचे तिकीट खिशात असते आणि मनात अपराधी भाव. अशा वेळी मुलगा किंवा मुलगी आमच्यासमोर बसून म्हणते, “डॉक्टर, आम्हांला तर इथे राहता येत नाही. आईला सोबत म्हणून एखादा कुत्रा किंवा मांजर आणून दिले तर चालेल का?”

प्रश्न साधा दिसतो. परंतु एकदा आम्ही त्याचे उत्तर घाईने दिले आणि त्याची किंमत एका वृद्ध गृहस्थांना मोजावी लागली. ती हकीगत पुढे येईलच. त्याआधी या आजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

वयोमानाने होणारे साधे विस्मरण आणि स्मृतिभ्रंश यांत अंतर आहे. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणे वेगळे. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन वैद्यकीय सभेपुढे केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण होय. आपल्या देशात साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीतून पुढे आला. मात्र विस्मरणाचे प्रत्येक कारण असाध्य नसते. थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खिन्नता, काही औषधांचा परिणाम, यांमुळेही माणूस विसराळू होतो आणि यांवर उपचार आहेत. म्हणून प्राणी आणण्याचा विचार करण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी, ही आमची पहिली विनंती.

आता मूळ विषयाकडे वळतो. कोकणातल्या माणसाला प्राण्यांची सोबत नवी नाही. ज्या पिढीला आज विस्मरण होत आहे ती पिढी गोठ्यातल्या हंबरण्यावर जागी होत असे. ओटीवर कुत्रा, चुलीपाशी मांजर, परसात कोंबड्या आणि गडग्यावर घास टिपायला येणारे कावळे, असा त्यांचा परिवार होता. त्यातील कोणालाही त्या काळी ‘पाळीव प्राणी’ असे वेगळे नाव नव्हते. ते घरचेच होते. पुढे शेती कमी झाली, गोठे रिकामे झाले, मुले मुंबईला गेली. घर चिरेबंदी राहिले, पण आवाज गेले. स्मृती क्षीण होत असलेल्या माणसाला ही शांतता अधिक जाचते, कारण दिवसाचे प्रहर ओळखण्याच्या खुणाच नाहीशा होतात. गाईला पाणी दाखवण्याची वेळ म्हणजे सकाळ आणि कोंबड्या झाकण्याची वेळ म्हणजे तिन्हीसांज, हे घड्याळ त्यांना अंगवळणी पडलेले असते.

प्राण्यांच्या सहवासाने रुग्णाला बरे वाटते, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून जाणवलेले आहे. परिचर्याशास्त्राच्या प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुग्णसेवेवर लिहिलेल्या आपल्या पुस्तकात, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी लहानसा पाळीव जीव ही उत्तम सोबत ठरते, असे नमूद केले आहे.

अलीकडचे एक उदाहरण मराठी वाचकांना विशेष जवळचे वाटेल. यवतमाळ जिल्ह्यातील उटी हे ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव, ते अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. अतुल गावंडे यांनी वार्धक्य आणि मृत्यू यांवर २०१४ साली लिहिलेल्या ‘बीइंग मॉर्टल’ या ग्रंथात बिल थॉमस या तरुण डॉक्टरांची कथा सांगितली आहे. १९९१ साली न्यूयॉर्क राज्यातील न्यू बर्लिन या छोट्या गावातील एका शुश्रूषागृहात थॉमस यांनी दोन कुत्रे, चार मांजरे आणि शंभर पक्षी आणले. पक्षी आले त्या दिवशी पिंजरेच आले नव्हते, म्हणून ते केशभूषेच्या खोलीत मोकळे सोडावे लागले. तेथील ऐंशी निवासी पुष्कळ अंशी परावलंबी होते आणि त्यांपैकी अनेकांना स्मृतिभ्रंश होता. गोंधळ झाला, कर्मचारी कुरकुरले, पण जे वृद्ध बोलतही नव्हते त्यांच्यापैकी काही जण पक्ष्यांची काळजी घेऊ लागले. दोन वर्षांच्या अभ्यासात असे आढळले की, तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या शुश्रूषागृहाच्या मानाने तेथील औषधे निम्म्यावर आली आणि मृत्यूंचे प्रमाण १५ टक्क्यांनी घटले. हे सारे श्रेय प्राण्यांचे म्हणता येणार नाही. तेथे झाडे, बाग आणि मुलांचा वावरही त्याच वेळी आणला गेला होता. परंतु गावंडे यांनी त्यातून काढलेला अर्थ मोलाचा आहे. माणसाला जगण्यासाठी केवळ सुरक्षितता पुरत नाही; आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव लागते.

दुसरा अभ्यास अगदी साधा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या भोजनगृहात माशांच्या टाक्या ठेवल्या. ६२ रुग्णांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. अस्वस्थपणे उठून जाणारे रुग्ण टाकीसमोर बसू लागले, अधिक जेवू लागले आणि सोळा आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी पाऊण किलो वाढले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला जेऊ घालणे किती कठीण असते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या पाऊण किलोचे मोल सांगायला नको.

त्याचबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ साली कॉक्रेन या मान्यवर संस्थेने या विषयावरील नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत एकूण ३०५ रुग्ण होते. प्राण्यांच्या सहवासाने खिन्नतेची लक्षणे किंचित कमी होत असावीत, एवढेच त्यातून म्हणता आले. गेलेली स्मृती प्राण्यामुळे परत येत नाही. तसा दावा कोणी करत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता ती हकीगत. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या सूनबाई आमच्याकडे घेऊन आल्या. गुरुजी दिवसभर खुर्चीत बसून असत, कशातच लक्ष घालत नसत. बाहेर रुग्णांची रांग होती. निरोप देता देता आम्ही म्हणालो, “घरात एखादे कुत्र्याचे पिल्लू आणा, मन रमेल त्यांचे.” याआधी गुरुजींना काय आवडत होते, घरात दुसरे कोण आहे, न्हाणीघर कोठे आहे, यांपैकी एकही गोष्ट आम्ही विचारली नाही. सूनबाईंनी आमचा शब्द औषधासारखा मानला. पिल्लू आले. पहिले पंधरा दिवस सारे आनंदात होते. मग पावसाळ्यातल्या एका पहाटे न्हाणीघराकडे जाताना पिल्लू पायांत आले आणि ओल्या फरशीवर गुरुजी पडले. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया आमच्याच रुग्णालयात झाली आणि ती यशस्वीही झाली. पण अनोळखी खोलीतील त्या दिवसांत त्यांचा गोंधळ एवढा वाढला की, पूर्वीचे गुरुजी पुन्हा घरी परतलेच नाहीत, असे सूनबाई म्हणाल्या. पिल्लाला कोणीतरी दूर बाजारात नेऊन सोडले.

त्या घरी आम्ही नंतर गेलो. गुरुजींनी आयुष्यात कधी कुत्रा पाळलेला नव्हता. त्यांना लळा होता तो गाईंचा. शेजारच्या घरी अजून एक गावठी गाय होती. पाय थोडा सावरल्यावर घरच्यांनी रोज सकाळी त्यांना आधार देऊन त्या गोठ्यापाशी बाकावर नेऊन बसवायला सुरुवात केली. ते गाईला हाताने गवत भरवीत आणि बराच वेळ तिच्याशी बोलत. हे पहिल्याच दिवशी करता आले असते आणि त्याला एक पैसाही लागला नसता. चूक आमची होती. आज दात्यांसमोर ती मांडण्याचे कारण एवढेच की, तेव्हापासून आम्ही या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे बंद केले. आता आम्हीच काही प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न : या व्यक्तीच्या आयुष्यात कोणता प्राणी होता? विस्मरणात अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने दीर्घकाळ टिकते. सत्तर वर्षांपूर्वी ज्या हातांनी धार काढली ते हात गाईला विसरत नाहीत. ज्याला प्राण्यांची कधीच आवड नव्हती किंवा लहानपणी कुत्रा चावल्याने धास्ती बसली आहे, त्याच्या गळ्यात म्हातारपणी प्राणी बांधू नये.

दुसरा प्रश्न : प्राण्याची जबाबदारी प्रत्यक्षात कोण घेणार? विसरणारी व्यक्ती प्राण्याला एकाच दिवशी पाच वेळा खाऊ घालील आणि दुसऱ्या दिवशी पाणीही ठेवणार नाही. तेव्हा प्राणी आईचा असला तरी काम दुसऱ्या कोणाचे तरी असणार, हे आधीच मान्य करावे. बहुतेक घरांत ती दुसरी व्यक्ती म्हणजे सून. तिच्यावर सासूबाईंचे औषधपाणी, मुलांची शाळा आणि स्वयंपाक यांचा भार आहेच. मुंबईहून भेट म्हणून पाठवलेला प्राणी तिच्यासाठी आणखी एक ओझे ठरणार असेल, तर ती भेट देऊ नये. तिला विचारल्यावाचून आणि तिने मनापासून होकार दिल्यावाचून काहीही आणू नये, असा आमचा आग्रह असतो. आईवडील घरात एकटेच राहत असतील, तर प्राण्याच्या आधी माणसाची सोय पाहावी लागते.

तिसरा प्रश्न : आजार कोणत्या टप्प्यावर आहे? आरंभीच्या काळात माणूस नव्या प्राण्याशी नाते जोडू शकतो. मधल्या काळात संशय, चिडचिड आणि अचानक हात उगारणे दिसू लागते. अशा वेळी नवा प्राणी घरात आणणे दोघांसाठीही धोक्याचे. पुढच्या टप्प्यात तर स्पर्श, ऊब आणि ओळखीचा आवाज एवढेच पोहोचते. त्यासाठी शेजारचे शांत मांजर दहा मिनिटे मांडीवर बसले तरी पुरते.

चौथा प्रश्न : घर कसे आहे? पायऱ्या, उंबरे, पाखाडी, शेवाळलेले अंगण, उघडी विहीर, रात्रीचा अंधुक दिवा, हे सारे पाहावे. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने फरशी ओली असते. पायांत घुटमळणारा प्राणी आणि ओली फरशी यांची गाठ पडू देऊ नये.

या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे निवड पुष्कळशी आपोआप होते. तरीही एकेका प्राण्याविषयी थोडे सांगतो.

कुत्रा हा सर्वांत निष्ठावान सोबती, पण सर्वांत अधिक काम मागणारा. आणायचाच तर पिल्लू आणू नये. तीन-चार वर्षांचा, शांत स्वभावाचा, माणसांत वाढलेला, मध्यम आकाराचा गावठी कुत्रा आपल्या हवामानाला मानवतो. दाट केसांच्या परदेशी जाती येथील दमट उष्म्यात हाल सोसतात आणि त्यांच्या अंगावर गोचीड व कातडीचे विकार बळावतात. साखळी वृद्धांच्या हातात देऊ नये. एका हिसक्याने ते पडतात. आपल्या तालुक्यांत बिबटे कुत्र्यांच्या मागे वाडीत येतात, हेही विसरू नये. कुत्र्याला रात्री बंदिस्त जागी ठेवावे आणि त्याच्या भुंकण्याने वृद्ध व्यक्ती अंधारात बाहेर पडणार नाही, अशी दाराची व्यवस्था करावी.

मांजर आपल्याकडच्या घरांना अधिक सोयीचे. त्याला फिरवावे लागत नाही, मासळीच्या घरी त्याचे पोट सहज भरते आणि ऊब घ्यायला ते आपण होऊन जवळ येते. मात्र म्हाताऱ्या माणसाची त्वचा कागदासारखी पातळ होते आणि साधा ओरखडाही चिघळतो, विशेषतः मधुमेह असल्यास. ते पायांतही येते, म्हणून त्याच्या गळ्यात लहानशी घंटा बांधावी.

पोपटाविषयी पुष्कळ जण विचारतात, कारण जुन्या घरांत ओटीवर पिंजरा टांगलेला असे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचे पोपट, मुनिया यांसारखे रानपक्षी पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. त्यापेक्षा गडग्यावर पाण्याचे भांडे आणि मूठभर तांदूळ ठेवावेत. चिमण्या, साळुंक्या, कावळे येतात आणि जातात. त्यांचे कोणालाच ओझे होत नाही. काकबळी ठेवण्याची सवय असलेल्या आजींना हे काम शिकवावे लागत नाही. कबुतरांना मात्र दाणे घालू नयेत. त्यांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचा आजार संभवतो.

माशांची टाकी अंथरुणाला खिळलेल्या किंवा सतत येरझारा घालणाऱ्या रुग्णांसाठी चांगली. ती भिंतीच्या कोपऱ्यात, जड मेजावर ठेवावी. खाद्याचा डबा कुलुपात ठेवून रोज एक चिमूट वेगळ्या डबीत काढून द्यावी, म्हणजे अति खाण्याने मासे मरणार नाहीत. २०२० सालच्या जून महिन्यातील निसर्ग चक्रीवादळानंतर जिल्ह्याच्या उत्तर भागात अनेक दिवस वीज नव्हती, हे आपल्या स्मरणात आहे. तेव्हा विजेच्या पंपाविना तग धरतील असे थोडेच, काटक मासे ठेवावेत.

जेथे जिवंत प्राणी शक्यच नाही, तेथे मऊ खेळण्याचाही उपयोग होतो. जपानमध्ये ताकानोरी शिबाता या अभियंत्याने सीलच्या पिल्लासारखे दिसणारे ‘पारो’ नावाचे यंत्र स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तयार केले असून ते २००५ पासून वापरात आहे. ते फार महाग आहे. पण कापसाचे साधे मांजर मांडीवर घेऊन कुरवाळणाऱ्या आजी आम्ही पाहिल्या आहेत. ही फसवणूक नव्हे का, असे मुले विचारतात. आमचे उत्तर असे की, आजींना त्यात समाधान मिळत असेल तर ते घेऊ द्यावे. फक्त त्यावरून कोणी हसू नये.

आता सर्वांत गंभीर बाब. स्मृती गेलेल्या माणसाला प्राण्याने चावा घेतला किंवा ओरबाडले, तर तो ते सांगेलच असे नाही, कारण तासाभराने त्याला ते आठवत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर लस घेतली तर मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. म्हणून घरातील कुत्र्या-मांजरांना तीन महिन्यांच्या वयापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लस द्यावी आणि दरवर्षी ती चुकवू नये. वृद्धांना आंघोळ घालताना हातपाय रोज नीट पाहावेत. जखम दिसली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, मिरची, हळद काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर ठळक लिहून ठेवावेत. जखमेतून रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत देण्याचे वेगळे इंजेक्शनही लागते, हे डॉक्टरांना आठवणीने विचारावे. पावसाळ्यात आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिसचेही रुग्ण आढळतात. तो प्राण्यांच्या मूत्रातून पसरतो. म्हणून गोठा व प्राण्याची जागा साफ करण्याचे काम वृद्धांकडे देऊ नये आणि ते करणाऱ्याने पायांत बूट घालावेत.

हे सारे ऐकून कोणाला वाटेल की, आम्ही प्राणी आणण्यापासून परावृत्तच करीत आहोत. तसे नाही. समुद्राकाठच्या एका गावातील आजींची गोष्ट सांगून हे स्पष्ट करतो.

या आजींच्या दारात मासळी साफ करण्याच्या वेळी एक भटकी मांजरी येऊ लागली. आजी तिला ‘चिंगी’ म्हणू लागल्या. चिंगी हे चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या त्यांच्या मांजरीचे नाव. नातू प्रेमानेच सांगे, “आजी, ही चिंगी नाही. चिंगी केव्हाच मेली.” आणि दर वेळी आजी, जणू ती बातमी नुकतीच कळली अशा, डोळ्यांना पदर लावीत. आम्ही घरच्यांना एवढेच सांगितले की, दुरुस्ती करणे थांबवा. तिला चिंगीच म्हणू द्या. सूनबाईंनी मांजरीला लस टोचून घेतली आणि तिच्या खाण्याची वाटी ठरवून दिली. रोज दुपारी भात-मासळीची ती वाटी आजींच्या हातात द्यायची आणि त्यांनी ती मांजरीपुढे ठेवायची. काही दिवसांतच एक गोष्ट लक्षात आली. एरवी ताटावरून उठून जाणाऱ्या आजी मांजरी खात असेपर्यंत बसून राहत आणि स्वतःही दोन घास जास्त खात. पर्ड्यूच्या संशोधकांना माशांच्या टाकीपाशी जे दिसले, तेच या घरच्यांना पडवीत दिसले.

दीड वर्षाने ती मांजरी यायची थांबली. काय सांगावे, असे घरच्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, मृत्यूची बातमी रोज नव्याने देऊ नका आणि मोठी खोटी कथाही रचू नका. “चिंगीची आठवण येते ना?” एवढेच विचारा आणि त्यांना बोलू द्या. आजी बोलल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या चिंगीविषयी, तिच्या पिल्लांविषयी, त्या वेळच्या घराविषयी बोलल्या. सुनेने ते घर कधी पाहिलेच नव्हते. सासूच्या तोंडून तिला ते त्या दिवशी प्रथम कळले.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. रस्त्यावर हत्ती पाहून हे पंडित लहान मुलासारखे त्याच्या मागे जातात आणि हरवतात. मुलगी त्यांना शोधत राहते आणि इकडे माहुताची बायको या परक्या वृद्धाला मायेने सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालच्या चित्रपटांसाठीचा सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा चित्रपट आम्ही रुग्णांच्या कुटुंबीयांना पाहायला सांगतो. हत्ती पंडितांना ओढून नेतो हे खरे, पण त्यांना सांभाळते ते माणूसच. प्राणी माणसाच्या जवळ जाण्याची एक वाट उघडतो. त्या वाटेने चालत जाणारे कोणीतरी घरात असावे लागते.

म्हणून मे महिन्यात किंवा गणपतीत येऊन आम्हांला विचारणाऱ्या मुलांना आमचे सांगणे असे आहे. प्राणी जरूर आणा, पण आपल्या अनुपस्थितीची भरपाई म्हणून आणू नका. आणण्याआधी एखाद्या शेजाऱ्याचा प्राणी महिनाभर रोज थोडा वेळ आईजवळ येऊ द्या आणि काय होते ते पाहा. तिला प्राण्याचे एक लहानसे काम द्या, बाकीचे दुसऱ्याकडे सोपवा. आई आधी गेली तर या जिवाचे पुढे कोण पाहील, तेही आजच ठरवा. तोही कोणाचा तरी आधार शोधत आलेला असतो. आणि फोन कराल तेव्हा “आई, मी कोण, ओळखलेस का?” असे विचारण्याऐवजी “चिंगी जेवली का गं?” असे विचारा. पहिल्या प्रश्नात तिची परीक्षा असते आणि ती त्यात बहुधा नापास होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्या डोळ्यांसमोर असते.

देणगीदारांनी दिलेल्या साहाय्यातून यंत्रे येतात, औषधे येतात, खाटा वाढतात. त्याच साहाय्यामुळे आमच्या कार्यकर्त्यांना एखाद्या घरी जाऊन तासभर पडवीत बसता येते, उंबरा किती उंच आहे आणि गोठा कोठे आहे हे पाहता येते. गुरुजींच्या वेळी तो तासभर आम्ही दिला नव्हता. यापुढे विस्मरणाच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी निदान एकदा तरी जावे, असा आमचा संकल्प आहे. तो पुरा करण्यासाठी पैशांइतकीच वेळ देणाऱ्या माणसांची आवश्यकता आहे. गावातील कोणी निवृत्त शिक्षक, परिचारिका किंवा गृहिणी आठवड्यातील एक दुपार देऊ शकत असतील, तर त्यांनी अवश्य कळवावे. ज्यांच्या घरी शांत स्वभावाचे, लस टोचलेले मांजर किंवा कुत्रा आहे, त्यांनी त्याला घेऊन आले तरी आम्ही स्वागतच करू.

ज्या कुटुंबांनी आपल्या घरचे दुःख आमच्याजवळ मोकळे केले आणि नाव न घेता ते येथे सांगण्याची अनुमती दिली, त्यांना आदरपूर्वक वंदन करून आम्ही थांबतो.